शाळेच्या भिंतीला भिंत

फ्लॅट पहिल्यांदा पाहिला तो रविवार होता. जानेवारीचं ऊन गॅलरीत तिरपं आलेलं, समोर मोकळं मैदान, मैदानाच्या कडेला आंब्याचं जुनं झाड आणि त्याला लागून दुमजली शाळा. इतकी शांतता, की वरच्या मजल्यावर कुणीतरी लसूण ठेचत होतं ते ऐकू येत होतं. "साहेब, शाळा दाराशी," एजंट म्हणाला. "लेकरं उठली की थेट वर्गात." माझी मुलगी सातवीत आणि ती शाळा चौथीपर्यंत. हे मी त्याला त्या दिवशी दोनदा सांगितलं, नंतर फोनवरही सांगितलं, पण दस्त होईपर्यंत 'शाळा दाराशी' हे पालुपद काही त्यानं सोडलं नाही.

माझी अडचण वेगळी होती. मी अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी काम करतो, म्हणजे रात्रपाळी. उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासाभरानं मागे जातात आणि माझी पाळी साडेसात ते साडेचार होते. घरी येऊन पाठ टेकायला पाच-साडेपाच. जगाची सकाळ ती माझी मध्यरात्र. घरात आणखी एक दिवसा झोपणारी व्यक्ती म्हणजे आई, वय चौऱ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी आणि दुपारची दोन ते चार ही वामकुक्षी, दोन्ही न चुकता. अशा घरानं साडेचारशे पोरांच्या शाळेला भिंत लावून राहायला जायचं, हे ऐकूनच मेहुणा म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे ना?" ठाण्याच्या बहिणीचं म्हणणं, मुलांचा आवाज शुभ असतो. दोघांचाही मला काही उपयोग झाला नाही.

पण कोथरूड-कर्वेनगरच्या पट्ट्यात आमच्या पैशात बसणारे चौदा फ्लॅट आम्ही पाहून झालो होतो. एकात किचनमधून गटाराचा वास, एकात लिफ्टच्या नावानं नुसता खड्डा, एका सोसायटीचं सभासदांतच कोर्टात भांडण. हा पंधरावा. जुनी पण धड इमारत, दुसरा मजला, दोन बेडरूम, वारा आरपार. नाही म्हणायला फक्त शाळाच होती.

विकणाऱ्या आजी बेंगळुरूला मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या. त्यांना मी सरळच विचारलं, "शाळेचा त्रास होतो का हो?" त्या हसल्या. "छे! तीस वर्षं राहतेय. मला तर आवाज म्हणून येत नाही." मला हायसं वाटलं. बायकोनं जिना उतरताना विचारलं, "टीपॉयवरची डबी बघितलीस?" नव्हती बघितली. कानाच्या मशीनची डबी होती, आणि मशीन डबीतच होतं.

मग मंगळवारी सुट्टी टाकून एकटाच गेलो. सकाळी सव्वाआठला समोरच्या चहाच्या गाडीशी स्कूटर लावून बसलो. साडेआठपर्यंत गल्ली पेन्शनरांची होती. पावणेनऊला तिचा रंगच पालटला. व्हॅन, रिक्षा, दप्तर पुढं आणि पोरगं मागं घेतलेल्या ॲक्टिव्हा, एका सायकलवर तिघं, आणि गाडीतून उतरायचं नाही म्हणून भोकाड पसरलेला बालवर्गातला एक स्वतंत्र राजा. आमच्या संभाव्य सोसायटीच्या गेटवर 'येथे वाहने लावू नयेत' अशी पाटी होती. तिच्या खाली ओळीनं अकरा दुचाक्या. नऊ वाजून सात मिनिटांनी पुन्हा पेन्शनर.

चहाच्या गाडीवर एक व्हॅनवाले काका भेटले. बावीस वर्षं याच शाळेची मुलं नेतात. एका कटिंगमध्ये त्यांनी जे सांगितलं, ते एजंटला दीड महिन्यात जमलं नाही. बालवर्ग साडेअकराला सुटतो, मोठी मुलं सव्वादोनला. शनिवारी लवकर. सगळ्यात वाईट दिवस पालकसभेचा, कारण तेव्हा प्रत्येक पोरामागं दोन गाड्या. पावसाळ्यात रेनकोट चढवण्या-उतरवण्यात गेटवर दहा मिनिटं जादा. "आणि गॅदरिंगचा महिना सोसावा लागतो," ते म्हणाले. "डिसेंबर. एकच गाणं चाळीस वेळा." डिसेंबर म्हणजे माझी साडेचारला सुटणारी पाळी. हे मी मनात टिपून ठेवलं.

शाळा किंवा कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू-सिगारेट विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे गल्लीत टपरी नव्हती. ती कोपऱ्यावर वळल्यावर होती, टेप लावून मोजल्यासारखी.

नऊची वेळ ऐकून मला थोडं आश्चर्य वाटलं होतं. आमच्या लहानपणी सकाळची शाळा म्हणजे सात. काकांनी खुलासा केला, "आधी सव्वासातचीच होती. सरकारनं बदलली." मग आठवलं. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी २०२३ च्या डिसेंबरात मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला, असं सुचवलं होतं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. तेव्हा बातमी वाचून मी पान उलटलं होतं. आता कळत होतं की सहा वर्षांच्या पोरांच्या झोपेसाठी काढलेला कागद एका सेहेचाळीस वर्षांच्या बाप्याच्या झोपेला पुरतोय. पाच ते नऊ, चार तास निर्विघ्न.

पुढचं गणित मी एक्सेलमध्ये मांडलं. (बायकोनं ती फाइल अजून जपून ठेवली आहे, पाहुण्यांना दाखवायला.) शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. समजा थोडी जास्त भरली, २२० दिवस. म्हणजे उरलेले १४५ दिवस शाळा नाहीच. भरते त्यातले शनिवार माझ्या सुट्टीचे. आकडे छान दिसत होते. पण आकड्यांवर झोप लागते की नाही, हे आकडे सांगत नाहीत.

म्हणून मी तिथं झोपून बघायचं ठरवलं.

आजी दहा दिवस बेंगळुरूला जाऊन येणार होत्या. किल्ली शेजारच्यांकडे. फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "झोपा की, गादी मात्र गुंडाळून ठेवलीय." बायको म्हणाली, "लोक घर घेताना नळ सोडून बघतात. हा झोपून बघणार." फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी पाळी संपवून पहाटे पाचला स्कूटरच्या पुढं चटई, सीटखाली उशी, असा मी तिथं पोचलो. वॉचमननं रजिस्टरमध्ये 'कामाचे स्वरूप' या रकान्यापुढं पेन थांबवलं. "काय लिहू?" मी म्हटलं, "पाहणी."

मोठ्या बेडरूममध्ये, शाळेकडच्या खिडकीखाली आडवा झालो आणि झोपलो. आठ वाजून चाळीस मिनिटांनी पहिली जाग आली. मुलांनी नव्हे, व्हॅन मागं घेताना वाजणाऱ्या 'टुंई टुंई'नं. पुन्हा डोळा लागतोय तोवर पाच मिनिटं कमी नऊला, "हॅलो, हॅलो, चेक, वन टू थ्री." मग परिपाठ. आणि मग राष्ट्रगीत सुरू झालं. आता अंथरुणावर पडलेल्या, हाफ पँटीतल्या माणसानं काय करायचं? मी उभा राहिलो. रिकाम्या खोलीत, पायाशी उशी, समोर आजींचं उतरवून ठेवलेलं कॅलेंडर, आणि मी सावधान. बावन्न सेकंद खरोखर मोठी असतात. संध्याकाळी घरी सांगितल्यावर लेक विचारते, "बाबा, आता रोज उभं राहणार?"

त्यानंतरचं मात्र अनपेक्षित होतं. खालच्या वर्गात पाढे सुरू झाले. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. चाळीस गळे एका लयीत. मी कुठल्या पाढ्यात झोपलो ते कळलं नाही, बहुधा पंधराच्या. मधल्या सुट्टीचा गलका झाला असणार, पण तो मला धबधब्याशेजारी झोपल्यासारखा लांबून कुठून तरी येत राहिला. तिसरी जाग आली ती खेळाच्या सरांच्या शिट्टीनं, साडेअकराला. तोवर माझी साधारण सहा तास झोप झाली होती. भाड्याच्या घरी एवढी होत नव्हती. तिथं खाली फर्निचरवाला आहे आणि त्याचा कटर कुठल्याही वेळापत्रकात बसत नाही.

म्हणजे झोप तीनदा मोडली आणि तिन्ही वेळा मोठ्या माणसांनी मोडली. पोरांचा आवाज एकसारखा असतो, कान त्याला सरावतात. माइक, शिट्टी आणि हॉर्न हे कुणाचं तरी लक्ष वेधायलाच बनवलेले असतात, ते झोपलेल्याचंही वेधून घेतात.

या माइकवरून मी जरा नियमांत शिरलो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. त्यांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि शांतता क्षेत्राला ५० अशी मर्यादा. शाळा, दवाखाने, न्यायालयांभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात येऊ शकतात. मला आधी वाटलं, म्हणजे शाळेशेजारी घर घेणारा कायद्यानं शहरातल्या सगळ्यात शांत जागी राहतो! तर २०१७ च्या दुरुस्तीपासून राज्य सरकारनं तसं जाहीर केल्याखेरीज ते शांतता क्षेत्र धरत नाहीत. आणि मुळात ती शांतता शाळेसाठी आहे, शाळेपासून नाही. मोबाइलवरच्या ॲपनं मधल्या सुट्टीत गॅलरीत ७४ दाखवले. मोबाइलचं मोजमाप काही कोर्टात चालण्यासारखं नसतं, आणि सात वर्षांच्या पोरांवर खटला भरायचा माझा विचारही नव्हता. ते प्रकरण मी तिथंच मिटवलं.

खरी गोष्ट पुढंच होती आणि ती माझ्या ध्यानातही आली नव्हती. आर्किटेक्ट मित्राला फोटो दाखवले. त्यानं शाळेची वेळ विचारली नाही, आवाज विचारला नाही. म्हणाला, "तू पोरांचा आवाज काय मोजत बसलायस? जमीन कुणाची आहे ते बघ." लॅपटॉपवर महापालिकेचा विकास आराखडा उघडला. मैदान आराखड्यातही मैदानच होतं. तिथं उद्या इमारत उठणं अवघड. पण शाळेची इमारत संस्थेच्या स्वतंत्र तुकड्यावर, आणि तिची एक बाजू मोठ्या बेडरूमपासून एका बांबूच्या अंतरावर. "ही आज दुमजली आहे म्हणून तुला आभाळ दिसतंय," तो म्हणाला. युडीसीपीआर म्हणून बांधकामाची जी एकत्रित नियमावली २०२० च्या डिसेंबरात लागू झाली, तिच्यानंतर पुण्यात बैठ्या इमारतींची उंची कशी वाढतेय ते आपण रोज बघतोच. शाळा तेवढी तशीच राहील असं कुणी लिहून दिलंय? "आणि मजले वाढले की वर्ग वाढणार. पाचवी, सहावी, करत करत दहावी."

इथं माझ्या पोटात गोळा आला. कारण नऊचा नियम चौथीपर्यंतच्या वर्गांना आहे. पाचवी आली की सकाळ अधिवेशन सातला भरवायला शाळा मोकळी. माझी झोप चौथीच्या वर्गाला बांधलेली होती.

हे विचारायला मी सरळ शाळेत गेलो. शिपायाला वाटलं ॲडमिशनसाठी आलोय, त्यानं कौतुकानं खुर्ची दिली. मुख्याध्यापिकाबाईंना मी खरं ते सांगितलं: शेजारी घर घेतोय, रात्रपाळी आहे, शाळा पुढं वाढणार आहे का? बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वाढणार? अहो, मराठी माध्यम आहे. एप्रिल-मेमध्ये आम्ही शिक्षक घरोघर फिरतो मुलं गोळा करायला. आहे तो पट टिकला तरी सत्यनारायण घालीन. पाचवी कुठली काढताय!" मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुमच्या बिल्डिंगमधून दर वर्षी आवाजाची तक्रार येते. तुम्ही निदान आधी विचारायला आलात." पट्टीनं आखलेलं वेळापत्रक त्यांनी मला फोटो काढायला दिलं. माइकचं विचारलं तर म्हणाल्या, भोंगा रस्त्याकडं वळवून बघते.

बाहेर पडलो तेव्हा माझी भीती अंगरख्यासारखी उलटी झाली होती. शाळा वाढेल म्हणून धास्तावून आत गेलो आणि शाळा बंद पडेल म्हणून धास्तावून बाहेर आलो. पोरं नसतील तर त्या तुकड्यावर काय उभं राहील? वर्षाला २२० दिवस, नऊ ते सव्वादोन वाजणारी, दिवाळीत आणि मे महिन्यात गप्प बसणारी दुमजली शाळा हा माझ्यासारख्याला मिळू शकणारा सगळ्यात बरा शेजारी होता, आणि तो टिकवणं माझ्या हातात नव्हतं. लेक सातवीत नसती तर पहिलीत घातली असती, असा एक विचार जिना चढताना येऊन गेला. बायकोला सांगितला नाही.

मित्र म्हणाला, धोका दोन्हीकडून आहे, तर मग तो किमतीत धर. तसंच केलं. आजींचा मुलगा नव्वद लाखांवर अडून होता. मी आराखड्याची प्रिंट समोर ठेवली आणि बेडरूमची ती बाजू दाखवली. पंच्याऐंशी झाले, मग आजींनीच फोनवरून मुलाला दटावलं, "या माणसानं तिथं झोपून बघितलंय, दुसरा कोण एवढं करणार आहे?" चौऱ्याऐंशीवर सौदा ठरला. गंमत म्हणजे बँकेच्या व्हॅल्युअरच्या अहवालात शाळा 'सोयी' या सदरात होती. अंतर: लागून.

कागदांचं फार सांगत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. वकिलानं मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा सर्च घेतला, सोसायटीचा ना हरकत दाखला आणि शेअर सर्टिफिकेट पाहिलं, मैदानाच्या बाजूला सोसायटीची भिंत हद्दीतच आहे ना हे मी मुद्दाम मोजायला लावलं. एक हिशेब मात्र सांगण्याजोगा. पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क सात टक्के, फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर सहा. आमच्या व्यवहारात तो एक टक्का म्हणजे ८४ हजार. नवऱ्याचं नाव सोबत लावलं की सवलत गेली. त्यामुळे करारनाम्यात मी कुठंच नाही, कर्जाच्या कागदांवर मात्र ठळक आहे. शिवाय पन्नास लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून भरायचा, तोही ८४ हजार. मी दोन दिवस या दोन ८४ हजारांची गल्लत करत होतो. एजंटला घाई होती, एक एप्रिलपासून रेडीरेकनर, म्हणजे घरांचे सरकारी दर, वाढणार म्हणून. तेवढं एक त्याचं खरं निघालं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दस्त झाला.

खोल्यांची वाटणी आईनं केली. शाळेकडची मोठी खोली तिची. तिची वामकुक्षी दोनला आणि शाळा सुटते सव्वादोनला, पंधरा मिनिटं ती सोसायला तयार होती. "सकाळी पोरं बघत भाजी निवडीन," म्हणाली. मला मागची छोटी खोली, जिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या पाइपांकडे उघडते. तिथं माइक येतो, पण पडद्याआडून आल्यासारखा. गॅलरीला जाळी बसवली, कारण चेंडू. जाळी बसवणाऱ्यानं सांगितलं, या बाजूच्या सगळ्या घरांना त्यानंच बसवल्यात.

मे महिन्यात राहायला आलो. शाळेला सुट्टी. गल्लीत व्हॅन नाही, माइक नाही, शिट्टी नाही. पहिल्या रात्री पाळी संपवून चार वाजता आडवा झालो, नवी खोली, जाड पडदे, पंखा चारवर. साडेचारला मैदानातल्या आंब्यावर कोकिळ सुरू झाला. एक सूर, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. थांबला म्हणेस्तोवर दुसऱ्यानं उत्तर दिलं. सहापर्यंत दोघांचं चाललं होतं. एक्सेलमध्ये त्यांचा रकानाच नव्हता. सकाळी डोळे चोळत बाहेर आलो तर आई गॅलरीत चहा घेऊन बसलेली, कौतुकानं झाडाकडे बघत. "किती गोड ओरडतोय रे," ती म्हणाली. मी झाड कुणाच्या हद्दीत आहे ते वाकून पाहिलं. शाळेच्या.